फुल रेंज असूनही नेट का अडखळते?

घरातल्या वायफायबद्दलच्या तक्रारी बहुधा दोन प्रकारच्या असतात. मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, पण व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो आणि चित्र गोठते, ही पहिली; आणि हॉलमध्ये सगळे सुरळीत चालते, पण आतल्या खोलीत जाताच रेंज उरत नाही, ही दुसरी. या दोन्हींवर सर्रास एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे जास्त अँटेनांचा नवा राउटर किंवा एखादा रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून तो पुढे पुन्हा पाठवणारे उपकरण. वास्तविक हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिल्यात सिग्नल पुरेसा असतो, पण आसपासची हवा इतर संदेशांनी भरलेली असते. दुसऱ्यात सिग्नलच पोहोचत नाही. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसे जातातच, शिवाय पुष्कळदा त्रास वाढतो. त्यामुळे खरेदीचा विचार करण्यापूर्वी आपल्या घरात नेमके काय बिघडले आहे, हे मोजून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी लागणारी साधने बहुतेकांच्या हाताशी असतात आणि त्यामागचे शास्त्रही अवघड नाही.

सर्वांत आधी दोष बिनतारी भागात आहे की बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, हे ठरवावे लागते, कारण वेगचाचणीचे ॲप हे दोन्ही एकत्र मोजते आणि आकडा कमी आला तरी तो कशामुळे, हे सांगत नाही. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. केबलवर सगळे नीट चालत असेल आणि वायफायवर अडखळत असेल, तर प्रश्न घरातल्या हवेचा आहे. केबल नसेल तर राउटरलाच पिंग करावे, म्हणजे त्याला छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावे; त्यासाठी संगणकाच्या कमांड खिडकीत इंग्रजीत पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता द्यावा. पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटर हाकेच्या अंतरावर असल्याने प्रत्येक उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवे. एक उत्तर ३ मिलिसेकंदांत, पुढचे १८० मध्ये आणि त्यापुढचे आलेच नाही, असे दिसू लागले तर इंटरनेट कंपनीचा त्यात संबंध नाही; संदेश आपल्या घराच्या आतच अडत आहे. याउलट राउटरकडून उत्तरे झटपट येत असतील आणि बाहेरच्या एखाद्या पत्त्याकडून, उदाहरणार्थ ८.८.८.८ कडून, ती रखडत असतील, तर वायफायला दोष देऊ नये.

पावसाळ्यात ही तपासणी विशेष उपयोगी पडते. पाऊस सुरू झाला की डिश टीव्हीचे चित्र जाते, त्यामुळे वायफायही पावसानेच मंदावले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उपग्रहावरून येणारे ते सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासचे असतात आणि कित्येक किलोमीटर पावसातून येतात, वायफाय सहसा ज्या दोन पट्ट्यांत चालते, त्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर घराएवढ्या अंतरात पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. मुसळधार पावसात नेट गेले तर ओलावा शिरलेला जोड, ओढली गेलेली तार किंवा रस्त्यावरच्या पेटीतली वीज यांकडे आधी पाहावे. भिंतींची गोष्ट मात्र वेगळी आहे. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या किंवा जुन्या वाड्यांच्या जाड भिंती पाणी शोषून घेतात आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा सिग्नल अधिक खाते, त्यामुळे अशा घरात आषाढ-श्रावणात आतल्या खोलीची रेंज थोडी खालावणे शक्य असते.

आता मोजमापाकडे वळू. वायफायच्या चिन्हातल्या कमानी ढोबळ असतात आणि कोणत्या पातळीला किती कमानी दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. खरे माप डीबीएम या एककात असते. एक मिलिवॅट शक्ती म्हणजे शून्य डीबीएम. शक्ती दहापट कमी झाली की आकडा १० ने उतरतो आणि निम्मी झाली की साधारण ३ ने. राउटर १०० मिलिवॅटने बोलत असेल तर ते २० डीबीएम झाले; आपल्या फोनपर्यंत मात्र त्याचा इतका सूक्ष्म अंश पोहोचतो की आकडे नेहमी ऋण असतात. उणे ६० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा दहा लाखावा भाग आणि उणे ९० म्हणजे एक अब्जावा भाग. त्यामुळे उणे ५० हे उणे ७० पेक्षा 'फक्त वीसने' चांगले नसते, तर शंभरपट शक्तीचे असते. व्यवहारात उणे ५० च्या आसपासचा सिग्नल उत्तम मानावा, व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंतचा चालतो, उणे ७० च्या खाली तडजोड सुरू होते आणि उणे ८० ला जोडणी असूनही कामाची राहत नाही.

ही शक्ती वाटेत कुठे जाते, याचा हिशोब घरबसल्या मांडता येतो. २.४ गिगाहर्ट्झवर पहिल्या एका मीटरमध्येच सुमारे ४० डीबी (दोन डीबीएम आकड्यांमधला फरक डीबीत सांगतात) जातात आणि त्यानंतर अंतर दुप्पट झाले की आणखी ६. म्हणजे २० डीबीएमने निघालेला सिग्नल एक मीटरवर उणे २० आणि मोकळ्या जागेत आठ मीटरवर उणे ३८ असतो. त्यात विटांच्या दोन साध्या भिंती आल्या आणि प्रत्येकीने सहा डीबी घेतले असे धरले, तर आपण उणे ५० वर येतो, म्हणजे अजूनही उत्तम स्थितीत. वाटेत लिफ्टच्या शाफ्टची काँक्रीटची भिंत आली तर ती एकटीच १५ किंवा त्याहून अधिक डीबी घेते आणि आकडा उणे ६५ च्या पलीकडे जातो. मुंबई, ठाणे, पुणे येथे गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमध्ये हा प्रश्न तीव्र आहे, कारण त्यांतील पुष्कळ इमारती मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या असतात आणि तेथे खोल्यांमधल्या आतल्या भिंतीही विटांच्या नसून लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या असतात. जुन्या सोसायटीतल्या साडेसहाशे चौरस फुटांच्या घराला एक राउटर सहज पुरत होता आणि नव्या टॉवरमधल्या तेवढ्याच घराला तो पुरत नाही, याचे कारण बहुतेक वेळा राउटरमध्ये नसून भिंतीत असते.

५ गिगाहर्ट्झवर हाच हिशोब सुरुवातीलाच सहा-सात डीबीने मागे पडतो आणि काँक्रीटची भिंत त्या लहरींचे आणखी नुकसान करते. भिंतींखेरीज धातू आणि पाणी हे दोन मोठे अडथळे असतात. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्हीच्या मागचा पत्रा आणि आरशामागचा धातूचा लेप सिग्नल परतवतात. पाण्याची टाकी, मत्स्यपात्र आणि माणसांनी भरलेली खोली तो शोषून घेतात. नव्या घरांत दाराजवळ वायरिंगसाठी पत्र्याची पेटी दिलेली असते आणि नीटनेटके दिसावे म्हणून राउटर तिच्यात ठेवून झाकण लावले जाते. राउटरसाठी घरात याहून वाईट जागा सापडणे कठीण आहे.

इथवर आपण फक्त सिग्नलची ताकद पाहिली. पहिल्या प्रकारच्या तक्रारीचे उत्तर मात्र ताकदीत नसून ताकद आणि गोंगाट यांच्यातल्या अंतरात आहे. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत शेजारी उभा असलेला माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो, तरी त्याचे शब्द कळत नाहीत. बिनतारी उपकरणाचेही तसेच होते. शांत परिस्थितीत २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर, म्हणजे पट्ट्यातल्या तेवढ्या तुकड्यावर, गोंगाटाची पातळी साधारण उणे ९५ डीबीएम असते. सिग्नल उणे ६५ असेल तर दोहोंत ३० डीबींचे अंतर राहते आणि ते भरपूर आहे. तोच उणे ६५ चा सिग्नल असताना गोंगाट उणे ७५ वर चढला तर अंतर दहाच उरते. राउटर आणि फोन मग सावकाश, सोप्या सांकेतिक पद्धतीने बोलू लागतात, संदेश चुकतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. फोनवर रेंज मात्र पूर्वीइतकीच दिसत राहते, कारण कमानी फक्त ताकद दाखवतात. साध्या कामासाठी २० डीबी आणि वेगवान, खात्रीच्या जोडणीसाठी २५ ते ३० डीबींचे अंतर असावे.

हा गोंगाट दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक ओळखणे हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. शेजाऱ्याचा राउटर आपल्याच चॅनेलवर असेल तर तो खरे तर गोंगाट करत नसतो, तो आपला वेळ घेत असतो. वायफायचा नियम असा आहे की बोलण्याआधी प्रत्येक उपकरणाने ऐकायचे आणि कोणी बोलत असेल तर थांबायचे. मानकानुसार उणे ८२ डीबीएम किंवा त्याहून जोरात येणारा दुसऱ्याचा वायफाय संदेश ऐकू आला तरी थांबणे भाग असते. उणे ८२ हा इतका क्षीण सिग्नल आहे की त्यावर आपण एखादे पानही धड उघडू शकत नाही, पण आपल्याला रांगेत उभे करायला तो पुरतो. खालच्या, वरच्या आणि समोरच्या घरांतले दहा-बारा राउटर एकाच चॅनेलवर असतील तर हवेतला वेळ त्या सर्वांत वाटला जातो. कोणी काही वापरत नसतानाही प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या नावाची घोषणा करत असतो आणि जुन्या, मंद पद्धतीने केलेल्या या घोषणाच दाट वस्तीत बराच वेळ खातात.

दुसरा प्रकार अधिक त्रासाचा आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा जो पट्टा २००५ साली परवान्याशिवाय वापरासाठी खुला झाला, तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. त्यात १ ते १३ असे चॅनेल दिसतात, पण त्यांच्यात केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येकाला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. सगळे या तिघांवर गर्दी करून आहेत असे पाहून एखादा जाणकार ३ किंवा ४ हा 'रिकामा' चॅनेल निवडतो आणि तेथेच गडबड होते. ४ वरच्या राउटरला १ वरचे संदेश नीट उलगडता येत नाहीत, त्यामुळे तो त्यांच्यासाठी सहसा थांबत नाही. ते त्याच्या दृष्टीने शुद्ध गोंगाट ठरतात आणि त्याचे बोलणे १ आणि ६ या दोन्हींवरच्या घरांसाठी गोंगाट ठरते. गर्दीच्या चॅनेलवर रांगेत उभे राहणे हे दोन चॅनेलांच्या मधे बसून सर्वांशी धडकण्यापेक्षा चांगले. तिन्ही भरलेले असतील तर ज्यावर शेजाऱ्यांचे सिग्नल सर्वांत क्षीण आहेत तो घ्यावा आणि २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. राउटरच्या सेटिंगमध्ये ४० चा पर्याय वेगवान म्हणून दाखवला जातो, पण इमारतीत तो जवळजवळ निम्मा पट्टा एकट्याने अडवतो. एका मजल्यावरच्या तीन-चार घरांनी आपसांत बोलून १, ६ आणि ११ वाटून घेतले, तर एक रुपयाही खर्च न करता सर्वांचा फायदा होतो.

याच पट्ट्यात वायफाय नसलेलीही उपकरणे आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि आतल्या शेकडो वॅटपैकी अत्यल्प, सुरक्षित मर्यादेतली गळतीसुद्धा फोनच्या क्षीण सिग्नलपुढे प्रचंड ठरते. जेवणाच्या वेळी दोन-तीन मिनिटे कॉल तुटतो आणि मग आपोआप सुधारतो, अशी तक्रार असेल तर स्वयंपाकघराकडे पाहावे. ब्ल्यूटूथही येथेच असते, पण ते ७९ लहान चॅनेलांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत राहते आणि २००३ पासूनच्या आवृत्त्यांत वायफायने व्यापलेले भाग टाळते, त्यामुळे त्याचा त्रास कमी. यूएसबी ३ जोडणीचा त्रास मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. तिच्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या भागात गोंगाट बाहेर पडतो आणि बाहेरची हार्डडिस्क लावताच लॅपटॉपचे वायफाय किंवा बिनतारी माउस अडखळू लागतो. डिस्क लांब तारेने दूर ठेवली की फरक दिसतो.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणूनच महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये भारताने या भागात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा खुली केली, २.४ च्या ८३.५ शी तुलना केली तर मोकळेपणाची कल्पना येईल. भिंती हे सिग्नल अधिक खातात हा त्यांचा दोष इमारतीत गुणही ठरतो, कारण शेजाऱ्यांचे सिग्नलही आपल्याकडे कमी येतात. राउटर आणि वापरणारा यांच्यात एखादीच भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झच वापरावा. अडचण अशी की दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते आणि ताकद जास्त दिसते म्हणून काही फोन २.४ लाच चिकटून बसतात. निदान तपासणीपुरती तरी दोन नावे वेगळी करावीत. या पट्ट्यातील काही चॅनेल रडारसाठीही वापरले जातात; अशा चॅनेलवर जाण्यापूर्वी राउटर किमान एक मिनिट ऐकतो आणि रडारची चाहूल लागल्यास चॅनेल सोडतो. नेट मधूनच तुटून काही वेळाने दुसऱ्या चॅनेलवर सुरू होत असेल तर हे कारण असू शकते, आणि ३६ ते ४८ मधला एखादा चॅनेल पक्का करून पाहावा.

मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मॅक संगणकावर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की सिग्नल आणि गोंगाट हे दोन्ही आकडे समोर येतात. विंडोजमध्ये कमांड खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की सिग्नल टक्क्यांत दिसतो. टक्क्यांचे निम्मे करून त्यातून १०० वजा केले की डीबीएमचा अंदाज मिळतो, म्हणजे ५० टक्के हे उणे ७५ झाले, आणि हा आकडा पुष्कळांना धक्का देतो. अँड्रॉइडवर वायफाय विश्लेषण करणारी अनेक मोफत ॲप आहेत आणि ती शेजाऱ्यांचे चॅनेलही दाखवतात. आयफोनवर ॲपना ही माहिती सहसा मिळत नाही, पण ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी या ॲपमधला वायफाय स्कॅनर सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येतो. अशा ॲपच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात: कोणते राउटर आहेत ते त्यांना कळते, त्यांतले कोणते खरोखर कामात आहेत ते कळत नाही, आणि मायक्रोवेव्हचा गोंगाट तर त्यांना दिसतच नाही. म्हणून आकडे घेताना पिंग चालू ठेवावे आणि जेथे त्रास होतो त्याच खुर्चीवर, त्रासाच्याच वेळी मोजावे. सकाळी सहाला घेतलेले मोजमाप रात्री दहाच्या तक्रारीचे उत्तर देत नाही.

सिग्नल उणे ७५ च्या खाली आणि गोंगाट कमी, असे आढळले तर राउटरची शक्ती वाढवण्याचा मोह होतो. त्याने फारसे साधत नाही, कारण बोलणे दोन्ही बाजूंनी असते. फोनचा प्रक्षेपक राउटरपेक्षा सहसा दुबळा असतो आणि राउटरने आवाज चढवला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. परिणामी फोनला राउटर स्पष्ट ऐकू येतो, रेंज पूर्ण दिसते, पण फोनचे म्हणणे राउटरपर्यंत पोहोचत नाही. शिवाय आपला सिग्नल आणखी चार घरांना रांगेत उभे करतो. जागा बदलणे हा पहिला उपाय. राउटर घराच्या मध्याशी, छातीच्या उंचीवर किंवा थोडा वर, उघड्यावर आणि धातूपासून दूर असावा. काडीसारखा अँटेना टोकातून लहरी फेकत नाही, तर आपल्या भोवताली आडव्या दिशेने पसरवतो. त्यामुळे एका मजल्याच्या घरात तो उभा ठेवावा आणि बंगल्यात वरच्या मजल्यासाठी एखादा आडवा करून पाहावा.

जागा बदलूनही भागत नसेल तरच दुसऱ्या उपकरणाचा विचार करावा. रिपीटर लोक हटकून रेंज नसलेल्या खोलीत लावतात, पण त्याला स्वतःलाच जे ऐकू येत नाही ते तो पुढे कसे देणार? तो अर्ध्या वाटेत, जेथे सिग्नल अजून उणे ६५ च्या आसपास आहे तेथे हवा. एकाच रेडिओचा रिपीटर प्रत्येक संदेश त्याच चॅनेलवर ऐकून पुन्हा बोलतो, त्यामुळे उपलब्ध वेग निम्म्यावर येतो. काँक्रीटच्या भिंतींच्या घरात माझी पसंती केबललाच आहे. टीव्ही किंवा टेलिफोनसाठी भिंतीत घातलेला पाइप सहसा मोकळा असतो. त्यातून कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल आतल्या खोलीपर्यंत नेऊन तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले नेट वायफायवर देणारे उपकरण, लावावा. दोघांचे चॅनेल वेगळे ठेवावेत आणि शक्ती कमी करावी, कारण फोन एका राउटरकडून दुसऱ्याकडे स्वतःच्या निर्णयाने जातो आणि जुना सिग्नल पुरेसा क्षीण झाल्याशिवाय तो दुसरा शोधतच नाही. आयफोनसाठी ही पातळी उणे ७० डीबीएम आहे. हॉलमधला राउटर फार जोरात बोलत असेल तर बेडरूममध्ये उणे ६८ वर रखडलेला फोन शेजारीच असलेल्या नव्या ॲक्सेस पॉइंटकडे वळणार नाही. हॉलच्या राउटरची शक्ती काही डीबीने उतरवली की तो वळेल.